सांगकाम्याच्या जागी बसून

कल्याणच्या माझ्या मावशीने परवा विचारलं, "तू तो कोडिंगचा गेम खेळतोस ना, तो सोहमला दे. त्याने कोडिंग येत असेल तर क्लासची फी तरी वाचेल." सोहम आठवीत आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या मधल्या टप्प्यापासून कोडिंग असावं असं आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हा प्रश्न चहाबरोबर निघतो. मी तिला "बघतो" म्हणालो. खरं उत्तर थोडं लांब आहे.

गेमचं नाव 'ह्यूमन रिसोर्स मशीन'. 'टुमॉरो कॉर्पोरेशन' या छोट्या कंपनीने तो 2015मध्ये काढला आणि तो फोनवरही चालतो. मी डोंबिवलीहून ऐरोलीला कामाला जातो, सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दिवसभर तेच करून परतीच्या गाडीत पुन्हा तेच, म्हणून आई हसते. पण गेममधलं काम माझ्यासारखं नाही. तिथे तुम्ही एक कारकून आहात. डावीकडच्या पट्ट्यावरून डबे येतात, उजवीकडच्या पट्ट्यावर ते न्यायचे. हातात एका वेळी एकच डबा मावतो. बाकीचे जमिनीवरच्या चौकोनांत ठेवायचे. एक लेव्हल म्हणजे नोकरीचं एक वर्ष, आणि वर्षं सरतात तसा कारकून म्हातारा होत जातो.

गंमत अशी की तुम्ही त्याला हाताने हलवू शकत नाही. त्याच्यासाठी सूचनांची यादी लिहायची आणि मग बघत बसायचं. सूचना सगळ्या मिळून 11: उचल, ठेव, मिळव, वजा कर, दुसऱ्या ओळीवर जा, शून्य असेल तरच दुसऱ्या ओळीवर जा, अशा. गुणाकार त्यांत नाही. पाच त्रिक काढायचं तर शून्यात पाच मिळवत राहायचं, बाजूच्या चौकोनात तीनचा आकडा ठेवून तो दरवेळी एकाने कमी करायचा, आणि शून्य झाला की थांबायचं. 'थांब' सांगायला विसरलात तर कारकून थांबत नाही.

आजीच्या गोष्टीतला सांगकाम्या आठवतो का? सांगितलं तेवढंच करणारा, आणि म्हणून घोटाळा करणारा. गोष्ट ऐकताना आपण त्याला हसतो. इथे हसू आपल्यावर येतं, कारण चूक सांगणाऱ्याची असते. माझ्या मते या गेमचं मोठेपण इथे आहे. कोड कुठल्या भाषेत लिहायचा हे तो शिकवत नाही. हुकूम पाळणाऱ्याच्या डोक्यात काय काय नसतं, हे तो दाखवतो. शिवाय त्याने यंत्राच्या जागी माणूस ठेवलाय आणि ते नुसतं सजावटीसाठी नाही. एकोणिसाव्या शतकात भारताच्या सर्वेक्षण खात्यात राधानाथ सिकदार यांच्या हुद्द्याचं नावच 'कम्प्युटर' होतं. आधी ती माणसाची नोकरी होती, यंत्र नंतर आलं.

प्रत्येक लेव्हलला दोन जादा आव्हानं असतात: कमीत कमी सूचनांत करा, किंवा कमीत कमी पावलांत करा. पुष्कळदा दोन्ही एका यादीत साधत नाहीत. तीन ओळींचा सुटसुटीत लूप लिहिला की कारकुनाची पावलं वाढतात. पावलं वाचवायची तर त्याच ओळी पुन्हा पुन्हा लिहून यादी लांबवावी लागते. ऑफिसात 'चांगलं काम' म्हणजे काय, यावर इतकं नेमकं भाष्य मी क्वचित पाहिलंय.

झॅक बार्थ यांच्या 'झॅकट्रॉनिक्स'चे गेम याच जातीचे, पण जास्त कडक. 2015च्या 'टीआयएस-100'मध्ये लेव्हल सुटली की एक आलेख येतो: जगभरच्या खेळाडूंमध्ये तुमचं उत्तर कुठे बसतं. पहिल्यांदा तो पाहिला आणि मला अप्रेझलचा बेल कर्व्ह आठवला. पोटात तसाच खड्डा पडला. फरक एवढाच की इथला आलेख कोणाचा पगार अडवत नाही. तुम्ही परत जाता आणि दोन ओळी कमी करता.

तरी माझा सगळ्यात आवडता गेम म्हणजे 'टुमॉरो कॉर्पोरेशन'चाच 2018चा '7 बिलियन ह्यूमन्स'. रोबोंनी सगळी कामं घेतलीत, माणसं 'आम्हाला नोकरी द्या' म्हणून तक्रार करतात, आणि रोबो त्यांना एका अवाढव्य संगणकाचे सुटे भाग म्हणून कामाला लावतात. इथे एकच यादी एकाच वेळी सगळ्या माणसांना लागू होते. एकट्यासाठी बिनचूक असलेली सूचना घोळक्याला दिली की सगळे एकमेकांच्या वाटेत येतात. ठाण्याच्या पुलावर सकाळी नऊला हे मी रोज बघतो. प्रत्येकाच्या डोक्यातली सूचना बरोबरच असते: उतर, जिना गाठ, पुढची गाडी पकड. ती सगळ्यांनी एकदम पाळली की जिना तुंबतो. गेममध्ये उपाय आहे. एकाला थांबायला सांगा, दुसऱ्याने हाक मारली की मग निघू द्या. पुलावर कोण थांबणार?

आता तक्रार. या सगळ्या गेममध्ये काय हवं ते पहिल्याच पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते मध्येच बदलत नाही. 'ह्यूमन रिसोर्स मशीन' निदान एवढं प्रामाणिक आहे की समोरच्या डब्यांवर चाललेलं उत्तर वेगळ्या डब्यांवर फसणार असेल तर साहेब ते परत पाठवतो. टेस्टर म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. पण माझ्या ऑफिसात अर्धा दिवस 'नेमकं हवंय काय' हे विचारण्यात जातो, आणि शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचं उत्तर बदलतं. तो भाग एकाही गेमने पकडलेला नाही. चुकीची किंमतही तिथे नाही. यादी पुसली की झालं. खऱ्या कामात बग कोणाचं तरी बिल चुकवतो.

मावशीला काल फोन केला. म्हणालो, "गेम दे त्याला, पण क्लासच्या बदली म्हणून नको. नोकरीला लागेल म्हणून तर मुळीच नको." ती म्हणाली, "मग कशाला देऊ?"

मी म्हटलं, कधीतरी तो कोणाला तरी काम सांगणार आहे, यंत्राला किंवा माणसाला. त्याच्याआधी ऐकणाऱ्याच्या जागी तासभर बसून बघू दे.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी त्याच्या बाबांना देते."