डोळा लवला की डोळा मारला?

दोन मुलगे आहेत असे समजा. दोघांच्याही उजव्या डोळ्याची पापणी झटकन मिटते आणि उघडते. पहिल्याचा डोळा नुसताच लवला आहे. दुसऱ्याने मित्राला चोरून खूण केली आहे. तिसरा मुलगा या दुसऱ्याची टिंगल म्हणून तसाच डोळा मिचकावतो. छायाचित्र काढले तर तिघांत फरक दिसणार नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल (१९००-१९७६) यांनी १९६८ सालच्या एका व्याख्यानात हे उदाहरण दिले. ‘पापणी मिटली’ हे विरळ वर्णन. ‘खूण केली’, ‘खुणेची नक्कल केली’ ही दाट वर्णने. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी १९७३ साली ही कल्पना उचलली आणि ती सर्वत्र पोचली.

मराठीने हा भेद व्याकरणातच करून ठेवला आहे. डोळा लवतो तेव्हा कर्ता डोळा. डोळा मारतो तेव्हा कर्ता माणूस!

हेतू म्हणजे कृतीच्या आधी डोक्यात घडणारी निराळी, अदृश्य घटना, हे राइल यांना मान्य नव्हते. प्रत्येक शहाण्या कृतीआधी विचार लागत असेल, तर तो विचार शहाणपणाने करण्यासाठी त्याआधी आणखी एक विचार हवा. मग याला अंत कुठे? ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ (१९४९) या ग्रंथातला हा युक्तिवाद आम्हाला अजूनही वजनदार वाटतो. म्हणजे हेतू शोधायचा तो आजूबाजूला: मित्र समोर होता का, संकेत आधी ठरला होता का?

पण उदाहरणातले दोन कप्पे आम्हाला अपुरे वाटतात. काही मुलांना ‘टिक’चा त्रास असतो. पापणी वारंवार मिटते, खांदा उडतो, घशातून आवाज निघतो. अनेकांना आधी आतून एक अनावर ऊर्मी जाणवते. ती थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. हे लवणे नव्हे आणि खूणही नव्हे. शिक्षक रागावले की मूल थोडा वेळ थांबते, आणि ‘म्हणजे मुद्दामच करत होता’ असे दाट वर्णन तयार होते. ते चुकीचे असते, शिक्षा मात्र खरी मिळते. इथे मज्जासंस्थेविषयीचे ‘विरळ’ ज्ञानच मुलाच्या बाजूने उभे राहते.

राइल यांची पद्धत मात्र इथेही उपयोगी पडते, पुरेसा वेळ पाहिले तर. तासभर ऊर्मी दाबून धरलेल्या मुलाची पापणी मधल्या सुट्टीत, समोर कोणी नसतानाही, मिटतच असते.