हललेला फोटो

पॅरिसमधल्या सां लाझार स्टेशनामागे पाणी साचलं आहे. पाण्यात एक शिडी आडवी पडली आहे आणि तिच्यावरून आलेल्या एका माणसानं पुढे उडी घेतली आहे. टाच पाण्याला आता लागेल, मग लागेल, पण लागलेली नाही. खाली त्याचंच उलटं प्रतिबिंब त्याला गाठायला वर आलं आहे आणि दोघांच्या मध्ये जेमतेम बोटभर फट उरली आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँनं १९३२ साली काढलेला हा फोटो कॅमेरा हाती घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी दाखवला जातोच. आमच्या सौंसरसारख्या गावात दाखवणारं कुणी भेटलं नाही, तर यूट्यूबवरचे मास्तर दाखवतात.

त्या फटीचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्त आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर फोटो अर्धाच पाहिला म्हणायचा. मागच्या भिंतीवर जाहिरातीचे कागद डकवलेले आहेत. त्यात एक नर्तकी अशीच झेपावली आहे, फक्त उलट दिशेला. तिची झेप तालमीत घोटलेली, याची बूट वाचवण्यासाठी. कुंपणापाशी आणखी एक जण नुसता उभा आहे. एवढी जगप्रसिद्ध उडी त्याच्या आसपास घडली, त्याला पत्ता नाही. शिडीभोवती पाण्यावर वलयं उमटली आहेत, म्हणजे पाऊल नुकतंच सुटलं. थोडक्यात, पाय कुठून निघाला ते वलयं सांगतात आणि कुठे पडणार ते प्रतिबिंब सांगतं. एका चित्रात मागचं आणि पुढचं दोन्ही बसवलं आहे. आणि हे सगळं फळ्यांच्या फटीत लेन्स घालून टिपलेलं! फळीनं कडेला अडवलेला भाग नंतर कापून टाकावा लागला. फोटो क्रॉप करणं कमीपणाचं मानणारे जे शुद्धतावादी आहेत, त्यांच्या दैवतानंच इथे कात्री चालवली आहे.

मला या चित्रातलं सगळ्यात आवडतं ते मात्र सहसा कुणी शिकवत नाही. उडी मारणारा माणूस हललेला आहे. पाणी स्तब्ध, कुंपणाचे गज रेखीव, भिंतीवरच्या जाहिरातीतली अक्षरं वाचता येतात, आणि ज्याच्यामुळे फोटो झाला तोच तेवढा पुसट. आजच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे चित्र उमटलं असतं, तर आमच्यासारख्या निम्म्या हौशी मंडळींनी 'हलला' म्हणत जागच्या जागी डिलीट केलं असतं.

कारण हौशी माणसाला पहिली झिंग चढते ती गोठवण्याचीच. नागपूरहून सेकंडहँड कॅमेरा आणावा, शटर स्पीड १/१००० करावा आणि कन्हानच्या डोहात उड्या टाकणारी पोरं हवेत अधांतरी लटकवावीत. पाण्याचा थेंब न थेंब वेगळा. पोळ्याला बैलानं मान झटकली की गोंडे हवेत उभे. डोळ्याला जे कधी दिसत नाही ते दिसतं, म्हणून मजा येते. आणि मग हळूहळू सगळेच फोटो सारखे दिसायला लागतात. पोरगं हवेत, गोंडा हवेत, चिमणी हवेत. बर्स्ट मोडवर बोट दाबून धरलं की सेकंदाला दहा चित्रं आपोआप पडतात, त्यातलं एक बरं निघतंच. निवडायला बसावं तर रात्र सरते.

दुसरी वाट मला रघु राय यांच्या फोटोनं दाखवली. चर्चगेट स्टेशन, १९९५. कृष्णधवल. लोकलच्या गर्दीचा लोंढा फलाटावरून वाहतो आहे आणि शटर इतका वेळ उघडं ठेवलं आहे की चालणाऱ्या माणसांची माणसं उरलेली नाहीत. चेहरे गेले, पाय गेले, राहिला तो नुसता ओघ. आणि त्या ओघात काही जण वर्तमानपत्र वाचत स्थिर आहेत, म्हणून स्पष्ट आहेत.

या दोन फोटोंचं नातं आहे. रघु राय यांचं पॅरिसमधलं प्रदर्शन कार्तिए-ब्रेसाँनं १९७१ साली पाहिलं आणि पुढे १९७७ मध्ये मॅग्नम या संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं. उडी थांबवणाऱ्यानं निवडलेल्या माणसानं पुढे गर्दी वाहती ठेवली, हे मला फार गमतीचं वाटतं.

चर्चगेटचा फोटो म्हणजे मुंबईचा वेग, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वेग दाखवायला नुसता धूसर लोंढा पुरला असता, आणि तो कुणालाही जमतो. कॅमेरा हलवला की झालं. इथे नजर आधी जाते ती वाचणाऱ्यांकडे. त्यांनी त्या गर्दीत हातभर कागद उघडून स्वतःपुरती खोली बांधली आहे. ते थांबलेत म्हणून बाकीचे धावताहेत हे आपल्याला कळतं. शिवाय वर्तमानपत्र हा फोटोग्राफरच्या दृष्टीनं मोठा सोयीचा पदार्थ: पसरट, फिकट, हातात ताणून धरलेला. एवढ्या करड्या गोंधळात डोळ्याला टेकायला जागा मिळते. आज त्याच फलाटावर तेच लोक मोबाईलमध्ये पाहत उभे असतील. तेही स्थिरच असतील, पण हातातला तळहाताएवढा काळा तुकडा चित्रात दिसायचासुद्धा नाही. आज असा फोटो काढणाऱ्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

हिशेब तसा साधा आहे. माणूस ताशी पाच किलोमीटरनं चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. शटर १/५०० असेल तर तेवढ्यात तो तीनेक मिलिमीटर सरकतो. चित्रात थांबलेलाच दिसतो. १/४ सेकंद ठेवलं तर तो फूटभराहून जास्त पुढे गेलेला असतो आणि त्या सगळ्या जागी थोडाथोडा उमटतो. पण १/४ सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही; ट्रायपॉड लागतो, नाहीतर खांब, नाहीतर भिंत. फिल्मच्या काळात ह्यातलं काय साधलं आणि काय बिघडलं ते रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे. आम्हाला लगेच कळतं, शिवाय फाइलच्या पोटात शटर, अॅपर्चर, आयएसओ सगळं नोंदलेलं असतं. डिजिटलमध्ये शिकायला सोपं जातं ते खरं म्हणजे या नोंदीमुळे. फुकट क्लिकमुळे नव्हे. फुकट क्लिकनं फक्त हार्ड डिस्क भरते.

सौंसरला चर्चगेट नाही. इथली नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली, आता ब्रॉडगेज आहे. नॅरोगेज होती तेव्हा कॅमेरा गाडीबरोबर फिरवत १/३० वर फोटो काढायची मजा काही और होती. डबे रेखीव आणि मागची झाडं ओढलेल्या रेघांची. पण वाहतं काही टिपायचं तर इथे गाडीपेक्षा संत्रं बरं.

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की ढीग पडतात आणि बाया निवडायला बसतात. मोठं इकडे, मध्यम तिकडे, डागी मागे. हात इतके चालतात की नजर ठरत नाही. अशाच एका ढिगासमोर, ताडपत्रीच्या सावलीत, कॅमेरा कॅरेटवर टेकवून मी १/८ वर फोटो काढला. तो फोटो मी अजून पाहतो. ढीग जसाच्या तसा, प्रत्येक फळाच्या सालीवरचे बारीक खड्डे मोजावेत इतका स्वच्छ. बाईचा चेहरा किंचित मऊ झालेला, कपाळावरची टिकली मात्र जागेवर. खांद्यापासून पुढे हात पातळ होत जातात आणि मनगटाच्या पुढे नाहीतच. तिथे हिरव्या बांगड्यांचे दोन अर्धगोल उरलेत आणि ढिगापासून टोपलीपर्यंत हवेत एक नारिंगी पट्टा. फळ उचललं कुठून आणि पडलं कुठे, दोन्ही त्या पट्ट्यात आहे.

मी पडदा तिच्यापुढे धरला. तिनं निरखून पाहिलं.

"भाऊ, माहे हात कुठी गेले जी?"

शेजारच्या म्हातारीनं मान वर न करता उत्तर दिलं, "कामाले गेले न बाई!"

रसग्रहण याहून चांगलं मला तरी करता येणार नाही. मात्र हेही सांगायला हवं की तिला तो फोटो नको होता. तिनं पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि नीट, समोर बघून, न हलता दुसरा काढायला लावला. मोबाईलवर पाठवला तो तोच. पहिला माझ्याकडे राहिला. कुणाच्या हौशीचा फोटो कुणाला हवा, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कुठल्याच बटणानं सुटत नाही.

हे सगळं शिकून झाल्यावर परीक्षा असते ती पांढुर्ण्याला. २०२३ पासून तो आमचा जिल्हाही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, अशी दगडफेक चालते. गोटमार. पळून निघालेल्या प्रेमी जोडप्याची दंतकथा तिच्यामागे सांगतात. मी या जत्रेच्या भक्तांपैकी नाही. दरवर्षी शेकडो लोकांची डोकी फुटतात, जीवही गेलेले आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, ते कुणी हाती धरले नाहीत. पण भादव्याच्या त्या दिवशी आसपासचे कॅमेरेवाले गच्च्यांवर जागा धरतात आणि लांबची लेन्स लावून मीही त्यांच्यात असतो. हे बरोबर की चूक, याचा निकाल मी लावलेला नाही.

वर्तमानपत्रांतले गोटमारीचे फोटो बहुधा १/१००० च्या घरातले असतात. घाई असते, गोठवलेलं चित्र हमखास छापता येतं. ते नीट पाहा. उगारलेले हात, उघडी तोंडं, वर ढगाळ आभाळ आणि आभाळात काळे ठिपके. जोरात भिरकावलेला दगड सेकंदाला वीस मीटर जातो असं धरलं, तर १/१००० मध्ये तो फक्त दोन सेंटिमीटर सरकतो. म्हणजे चित्रात तो थांबलेला असतो, आणि थांबलेल्या दगडाची भीती वाटत नाही. तो पाखरू असेल, नाहीतर सेन्सरवर बसलेली धूळ असेल. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ पुसायचं टूल फिरवलं तर गोटमारीतले गोटे नाहीसे होतात आणि मागे उरतात ते हात वर करून नाचणारे लोक. गणपतीची मिरवणूक म्हणून खपेल.

मग रघु रायांची वाट धरावी. दुपारच्या उजेडात ती सोपी नाही. आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवूनही उन्हात शटर १/१०० च्या आसपास येतं, त्याखाली जायचं तर लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, चढवावा लागतो. चर्चगेटच्या छपराखाली ही अडचण येत नाही. फिल्टर लावून १/८ वर काढलं की दोन्ही काठांवरची माणसं धूर होऊन जातात आणि मध्ये पळस तेवढा उभा राहतो. चित्र देखणं येतं, आणि तिथेच मला ते खटकतं. १/८ सेकंदात दगड अडीच मीटर गेलेला असतो, इतका पातळ पसरतो की उमटतच नाही. डोकी फुटत होती तेव्हाचं हे चित्र, आणि त्यात एकही दगड नाही. चर्चगेटच्या धुक्यात माणसं ऑफिसला चालली होती, म्हणून तिथलं धुकं खरं होतं. इथलं नुसतं शोभेचं आहे.

पॅरिसचा तो हललेला माणूस मला इथे उपयोगी पडला. पूर्ण थांबवायचा नाही, पूर्ण वाहू द्यायचा नाही. १/१०० वर दगड वीस सेंटिमीटर जातो, म्हणजे वीतभर. चित्रात त्याची बारीक काळी रेघ येते, आणि रेघेला ठिपक्यापेक्षा एक गोष्ट जास्त असते: ती कुठल्या बाजूनं तिरपी आहे ते दिसतं. काठावर कोण उभा आहे हे ठाऊक असलं की दगड कुणाकडून निघाला आणि कुणावर चालला हे एका नजरेत वाचता येतं. फिल्टर लागत नाही, ट्रायपॉडही लागत नाही, गच्चीचा कठडा पुरतो. लांबच्या लेन्सला १/१०० हा तसा कमीच, त्यामुळे दहातले सात फोटो हातानं हलतात. तेवढी हानी सोसायची.

त्यातल्या एका फोटोत कुऱ्हाड घेतलेला एक जण झाडाच्या बुंध्याशी वाकला आहे. पळस, झेंड्याची काठी आणि गुडघाभर पाण्यातले त्याचे पाय स्वच्छ आलेत, चेहरा हललाय. त्याच्या डोक्यावर दोन रेघा आहेत, एक सावरगावकडून उतरती आणि एक पांढुर्ण्याकडून. बातमीला हा फोटो चालणार नाही, चेहराच ओळखू येत नाही. मला मात्र आतापर्यंतच्या गोटमारीच्या फोटोंत हाच खरा वाटतो.