तेरेखोलचा किल्ला : वास्तू आणि वस्ती

जुनी वास्तू राखावयाची तर तिला काही उपयोग हवा, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणता उपयोग कोणत्या वास्तूस मानवतो. पेडणे महालाच्या उत्तर टोकास असलेला तेरेखोलचा किल्ला गेल्या काही दशकांत हॉटेल म्हणून वापरला गेला. त्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

इंग्लंडातील सरदारांचे ग्रामीण वाडे हॉटेले झाले, त्याचे दाखले नेहमी दिले जातात. थेम्सकाठचा क्लिव्हडन हा त्यांतला नामांकित. चार्ल्स बॅरीच्या आराखड्याप्रमाणे तो १८५१ मध्ये उभा राहिला, १९४२ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला आणि पुढे तेथे हॉटेल आले. असल्या घराची रचनाच मुळी पाहुण्यांसाठी असते. प्रशस्त दिवाणखाना, भोजनगृह, शयनगृहांच्या ओळी, सभोवती उद्यान. यजमान बदलला, एवढेच. शिवाय तेथील उद्याने सामान्य जनांसही पाहता येतात.

तेरेखोलची गोष्ट निराळी. नदी व समुद्र यांच्या संगमावरील उंचवट्यावर सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात हा किल्ला बांधला. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने तो जिंकून घेतला. बाहेरच्यास आत येऊ न देणे, हाच किल्ल्याचा मूळ धर्म. जाड तट, अरुंद वाट आणि आत लहानसे अंगण. पोर्तुगीज अमदानीत या अंगणाच्या मध्यभागी चर्च आले. पुढे तटालगतच्या जागेत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. त्या अवघ्या सात असून त्यांस आठवड्यातील वारांची नावे दिली गेली.

वास्तुदृष्ट्या या रूपांतरात प्रशंसनीय असा एक संयम आहे. खोल्यांची संख्या वाढविण्यासाठी तटावर मजले चढविले नाहीत. पलीकडच्या केरीच्या किनाऱ्यावरून पाहिले असता किल्ल्याची बाह्यरेषा अजून किल्ल्याचीच दिसते. मोठे हॉटेल बांधण्याच्या मोहाने ही रेषा सहज मोडली असती. ती मोडली नाही, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

दोष आहे तो अंगणाच्या ठिकाणी. चर्च हे प्रार्थनास्थान. त्याच अंगणास आणखी एक स्मृती जोडलेली आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला. ज्या जागेवर गावकऱ्यांचा आणि मुक्तिसंग्रामाचा असा दुहेरी हक्क आहे, ती जागा केवळ भाडे देणाऱ्या पाहुण्यांची बैठक होते, तेव्हा दगड राहतात, परंतु वास्तूचा अर्थ उणावतो. किल्ल्याने शत्रूस बाहेर ठेवावे हे ठीक. आपल्याच माणसांस बाहेर ठेवणे हा त्याचा धर्म नव्हे.

याला उत्तर शोधावयास विलायतेस जाण्याचे कारण नाही. ते आपल्या देवळांत आहे. गोमंतकातील देवस्थानांच्या प्राकाराभोवती अग्रशाळा असतात. दूरचे महाजन व कुळावी येऊन तेथे राहतात, जेवतात, निजतात. तरीही प्राकार कोणा एकाचा होत नाही. वस्ती कडेला आणि मध्य सर्वांस मोकळा, हे अग्रशाळेचे सूत्र आहे. तेरेखोलमध्ये खोल्या कडेस आहेतच. मध्य तेवढा मोकळा ठेवला, चर्चची वाट व तटाची फेरी सर्वांस खुली केली आणि १९५४ ची कथा अंगणातच वाचावयास मिळाली, की अतिथिगृह आणि किल्ला दोन्ही सुखाने नांदतील.

हा विचार केवळ एका किल्ल्यापुरता नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्याच्या जमिनीकडे आणि जुन्या घरांकडे बाहेरच्यांची दृष्टी अधिकच वळली आहे. पेडणे व डिचोली महालांतील चिरेबंदी वाडे राखण्याचा खर्च एकट्या कुटुंबास पेलवत नाही, हेही खरे. त्यांतील काही पाहुण्यांसाठी उघडले तर त्यात वावगे काही नाही. मात्र राजांगणातील तुळस शोभेची कुंडी होऊ नये आणि देवघराचे स्वागतकक्ष होऊ नये. घराचा जो गाभा, तो भाड्याच्या हिशेबाबाहेर राहावा.

डिचोलीतील नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे उदाहरण समोर आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या देवळाची पुन्हा डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते भाविकांस खुले झाले. तेथे वास्तूचा उपयोग बदलला नाही, म्हणून अर्थही ढळला नाही. जेथे उपयोग बदलणे अटळ आहे, तेथे निदान अर्थ ढळू न देणे, हीच खऱ्या जीर्णोद्धाराची कसोटी होय. तेरेखोल या कसोटीस अर्धाच उतरतो. उरलेले अर्धे काम चुन्याचिऱ्याचे नसून दार उघडण्याचे आहे.