तारीख बदलते काय? : ‘व्हॅल्यू ऑब्जेक्ट’ या संकल्पनेची चिकित्सा

‘सभेची तारीख बदलली’ हे वाक्य मराठीत निर्दोष होय. परंतु ते शब्दशः घेतल्यास अनर्थ ओढवतो. १५ ऑगस्टची काही १६ ऑगस्ट होत नाही; सभेचा एका तारखेशी असलेला संबंध सुटून दुसरीशी जडतो, इतकेच. जावा या संगणकभाषेने १९९६ साली दिलेल्या ‘डेट’ या प्रकारात मात्र ते वाक्य शब्दशः घेतले गेले. या प्रकारची वस्तू आतून पालटता येते. सभा आणि परीक्षा या दोन नोंदींनी एकच वस्तू वापरली असेल, तर सभा पुढे ढकलताच परीक्षाही निमूटपणे पुढे जाते! २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीत ‘लोकलडेट’ आला. त्यात एक दिवस मिळविला असता तो स्वतः न पालटता नवी तारीख हाती देतो.

या भेदाची सर्वांत विचक्षण मांडणी एरिक इव्हान्स यांच्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ (२००३) या ग्रंथात आढळते. गुणधर्म पालटले तरी जिची ओळख टिकते ती ‘एंटिटी’. गुणधर्मांखेरीज जिला निराळी ओळखच नाही ती ‘व्हॅल्यू ऑब्जेक्ट’. त्यांचे खरे श्रेय हे की, हा भेद त्यांनी वस्तूच्या स्वभावात न शोधता व्यवहाराच्या भाषेत शोधला. शंभराची नोट वाण्याच्या लेखी केवळ शंभर रुपये. खोट्या नोटांचा तपास करणाऱ्यास तिचा अनुक्रमांकच प्रमाण. भाषाभ्यासकास ही दृष्टी परकी वाटू नये.

तथापि एके ठिकाणी ग्रंथकार ढिले पडतात. मूल्य वारंवार पालटत असेल आणि नवी वस्तू घडविणे महाग पडत असेल, तर ती सामायिक नसल्यास पालटू द्यावी, अशी सवलत ते देतात. ही सवलत आम्हांस मान्य नाही. वस्तू सामायिक आहे किंवा नाही, हे तिच्या व्याख्येत कोठेच दिसत नाही; पुढे त्या आज्ञावलीस हात लावणाऱ्या प्रत्येकाने ते स्मरणात ठेवावयाचे असते. ‘डेट’ची फजिती याच भरवशावर झाली.

संज्ञेविषयीही थोडे. याच नावाने काही मंडळी माहिती वाहून नेणाऱ्या गाठोड्याचा निर्देश करीत, ही तक्रार मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्येच केली होती. मराठीत ‘मूल्यवस्तू’ म्हणावे, तर दागदागिने डोळ्यांपुढे येतात. आम्ही शिकविताना नुसते ‘मूल्य’ म्हणतो. विद्यार्थ्यांचे त्यावाचून अडलेले नाही.