वरची ओळ मोडायची कुणी?

विंडोज ७च्या डेस्कटॉपवर ‘पिक्चर पझल’ नावाचं चिमुकलं गॅजेट होतं. पंधरा तुकडे, एक रिकामी जागा. कळंबच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात नेट गेलं की तेच उघडायचं. गेम झकास, त्यातलं घड्याळ मात्र साफ चुकीचं.

सॅम लॉइडनं फक्त १४ आणि १५ची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला हजार डॉलर देऊ केले होते. बिनधास्त! ते अशक्य असल्याचं १८७९मध्येच सिद्ध झालेलं.

चित्रात हाच सापळा लपतो. आभाळाचे दोन सारखे दिसणारे तुकडे वर आपसांत बदलले, की खालचे शेवटचे दोन काही केल्या बसत नाहीत. मग नीट लागलेली वरची ओळच मोडावी लागते. सेकंद पळताना दिसले की हात धजत नाही; आपण खालचेच दोन फिरवत बसतो.