पानांचा हिशेब

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या उमरेडला नागपूरचे वर्तमानपत्र येते, ते एरवीपेक्षा चांगले जाडजूड असते. सराफ, मोटारी आणि कापडदुकाने यांच्या शुभेच्छा ओलांडाव्यात, तेव्हा कुठे बातमीचे दर्शन घडते. किंमत मात्र तीच. घरची मंडळी खूश, कारण रद्दी चांगली भरते! वाचकहो, गोष्ट थट्टेची खरी. पण याच पानांच्या हिशेबावरून एकदा सर्वोच्च न्यायालयात खटला लढला गेला, आणि तो लढणारे पत्र मराठी होते.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली दुखणे अचूक हेरले होते. ज्याच्यापाशी जाहिराती अधिक, तो त्याच पैशांत अधिक पाने देतो; लहान पत्राला ते झेपत नाही; त्याचा वाचक जातो, आणि वाचकामागून जाहिरातही जाते. म्हणून पानांची सांगड किमतीशी घालणारा कायदा १९५६ साली झाला व १९६० साली त्याखाली हुकूम निघाला. तो भोवला नेमका पुण्याच्या 'सकाळ'ला. ना. भि. परुळेकरांनी १९३२ साली काढलेले हे पत्र कुणा गिरणीवाल्याचे नव्हते. खप सुमारे ५२ हजार. सात नव्या पैशांत ते आठवड्याला ३४ पाने देई. हुकुमाप्रमाणे तेवढ्या किमतीत २४च देता आली असती. १९६१ साली न्यायालयाने हा निर्बंध घटनाबाह्य ठरविला. निकाल लिहिला आमच्या विदर्भातल्याच न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकरांनी. पाने छाटा किंवा किंमत वाढवा म्हणणे म्हणजे विचार लोकांपर्यंत पोचण्याची वाट अडविणे, असा त्याचा मथितार्थ.

निकाल मला पटतो. पानांवर चालणारी सरकारी कात्री उद्या अग्रलेखावर चालणार नाही, याची हमी कोण देणार? पण औषध घातक निघाले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आपण औषधाबरोबर निदानही उकिरड्यावर टाकले.

'सकाळ'चेच पाहा ना. परुळेकर १९७३ साली गेले, आणि १९८५ साली पत्र पवार कुटुंबाकडे आले. त्याच घरातले शरद पवार तोवर एकदा मुख्यमंत्री होऊन गेले होते. इकडे बापूजी अण्यांनी १९१८ साली यवतमाळला काढलेल्या 'लोकमत'चे १९७१ साली नागपुरात दैनिक झाले ते जवाहरलाल दर्डांच्या हातून. तेही पुढे राज्याचे मंत्री होते. त्याच घराचे हिंदी पत्र आहे, इंग्रजीही आहे. यात बेकायदा काही नाही, आणि या पत्रांनी खेड्यापाड्यांत वाचक तयार केला हेही खरे. तरीपण मंत्र्याच्या घरचे पत्र वाचताना वाचकाने एक डोळा बारीक करावा, यात वावगे काय?

जुनी माणसे 'ओगल्यांचा महाराष्ट्र', 'माडखोलकरांचा तरुण भारत' असे म्हणत. धनी तेव्हाही असत, नाही असे नाही. पण पत्राची ओळख संपादकावरून होई आणि भांडण त्याच्याशी करता येई. आज बहुतेक पत्रांत संपादकाचे नाव शेवटच्या पानाच्या तळाशी भिंग घेऊन शोधावे लागते.

उमरेडकराचे दुःख आणखी वेगळे. आम्हाला तालुक्याचे पान मिळते. मिरचीचा भाव, कोळसा खाणीची धूळ, कऱ्हांडल्याचा वाघ, २०१९ साली रुंदीकरणासाठी थांबलेली नागभीडची छोटी गाडी, सारे त्यात येते; परंतु ते पान नागपूरच्या वाचकापुढे क्वचितच जाते. आमची तक्रार आम्हीच वाचतो! शिवाय गावोगावचा बातमीदार पुष्कळदा जाहिरातीही गोळा करतो. ज्याच्या दारी सकाळी जाहिरातीसाठी जायचे, त्याच्याविरुद्ध त्याने संध्याकाळी काय लिहावे?

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी वर्षानुवर्षे तीन पेपर घेत. एक दिवस त्यांनी तिन्ही शेजारीशेजारी मांडले. आमदारांच्या भूमिपूजनाची बातमी तिन्हींत सारखी, अगदी स्वल्पविरामासकट. त्यांनी दोन पेपर बंद केले. महिनाअखेर रद्दीवाला आला, गठ्ठा उचलून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, गावाला गेले होते का जी?"