एका छपराखाली दोघं

२०१७ सालच्या डिसेंबरअखेरीस यवतमाळात एक लग्न झालं. इथलाच एक मुलगा, परदेशी स्थायिक झालेला, आपल्या जोडीदाराला घेऊन गावी आला आणि आप्तमित्रांसमोर दोन पुरुषांनी एकमेकांना वरलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा शाबूत होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर आठ महिन्यांनी, ६ सप्टेंबर २०१८ ला आला. पुढच्याच जानेवारीत याच शहरात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून गदारोळ उठला आणि अखेर शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. साहित्याचा एवढा मोठा मांडव जिथे पडला, तिथेच वर्षभरापूर्वी झालेल्या त्या लग्नासारखी गोष्ट कुणाला मराठीत वाचावीशी वाटली, तर त्याच्या हातात काय ठेवायचं?

पहिलं नाव सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’चं. मौज प्रकाशनाने २००६ मध्ये ती काढली आणि जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये इंग्रजीत नेली. एका मध्यमवर्गीय घरात वरची खोली भाड्याने दिली जाते. तिथे राहायला आलेल्या चित्रकार तरुणावर घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही जीव टाकतात. आधी तनय बोलतो, त्या गेलेल्या माणसालाच उद्देशून, मग अनुजा. भाडेकरूला कादंबरीभर नाव नाही. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, फसवली जाऊन परतते, आणि तिच्या दुःखाभोवती सगळं घर गोळा होतं. तनयचं दुःखही तेच आहे, माणूसही तोच, पण त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याचं काही गेलं असेल हेच कुणाला ठाऊक नाही. त्याच घरात, त्याच जेवणाच्या वेळी तो आपलं ताट समोर घेऊन बसतो. मराठीत समलिंगी प्रेमाबद्दल एवढं नेमकं, एवढं शांतपणे कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. २०२२ च्या चित्रपटात कुंडलकरांनीच ही कथा कोचीला नेली. पडदा देखणा झाला, पण घराची ती घुसमट पातळ झाली. पुस्तकच वाचावं.

दुसरी कादंबरी बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’, २००५ सालची. वाचनालयात मागताना लेखकाचं नाव जरूर सांगावं, नाहीतर व. पु. काळ्यांची ‘पार्टनर’ हातात पडते. खिरे पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे संस्थापक. त्यांची कादंबरी रोजनिशीच्या रूपात आहे आणि तिला वाचकाला धीर द्यायचा आहे, माहिती द्यायची आहे. साहित्य म्हणून ती या ओझ्याखाली वाकते. संवाद कित्येकदा समुपदेशनाच्या खोलीत चालल्यासारखे वाटतात. तरीही दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोरासाठी पहिलं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर मी हेच देईन. आपण एकटे नाही एवढं कळल्याशिवाय प्रेमकथेची चव घेता येत नाही.

या दोन पुस्तकांपलीकडे पाहिलं की आपल्या परंपरेचा कल दिसतो. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. काळाच्या कितीतरी पुढचं नाटक, पण त्याच्या नायिकेच्या, सुमित्राच्या वाट्याला मरणच आलं. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य कळलेली आई बोलते. ‘थांग’ चित्रपटात नवऱ्याचं सत्य कळलेली बायको आहे. प्रत्येक कलाकृतीचं आपलं मोल आहेच. पण एकत्र ठेवून पाहिल्यावर ध्यानात येतं की समलिंगी माणूस आपल्याकडे बहुधा दुसऱ्या कुणाला बसलेला धक्का म्हणून अवतरतो, किंवा करुणेचा विषय म्हणून. प्रेमकथेला याहून वेगळं काहीतरी लागतं. ही दोघं एकमेकांना लाभतील की नाही, या एका प्रश्नावर वाचकाने रात्र जागवली पाहिजे.

नागपूरचे श्रीनिवास रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. २०१० मध्ये समलिंगी संबंधांवरून त्यांचं निलंबन झालं, उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि काही दिवसांतच ते गेले. ‘अलिगढ’ चित्रपटामुळे देशाला ते माहीत झाले ते खटल्यातला माणूस म्हणून. विदर्भाच्या या कवीच्या बाबतीतही प्रेमाआधी प्रकरणच लोकांपर्यंत पोचलं.

प्रेमकादंबरीला एक यंत्रणा लागते. दोन माणसांना काही काळ एका जागी बांधून ठेवणारं कारण लागतं. इंग्रजी लेखक त्यासाठी हिमवादळात अडकलेली सराई रचतात, खोट्या साखरपुड्याचा घाट घालतात. आपल्याकडे ही यंत्रणा आयतीच आहे. मुलगा-मुलगी एका खोलीत दिसली तर आळीभर चर्चा होते, पण दोन तरुण एका ओसरीवर, एका सतरंजीवर निजले तर कुणाच्या भुवईचा केसही हलत नाही. ‘कोबाल्ट ब्लू’ भाडेकरूच्या खोलीवर उभी आहे. आर. राज राव पुणे विद्यापीठात शिकवत. त्यांची २०१० ची इंग्रजी कादंबरी ‘हॉस्टेल रूम १३१’ पुण्याच्या वसतिगृहात घडते. आणि रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’, ज्याला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला, तो तर सुतकाच्या दहा दिवसांवर बेतलेला आहे. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद गावी येतो, दहा दिवस त्याला हलता येत नाही, आणि गावात बाळ्या आहे. पायात चप्पल नाही, खाण्यापिण्याचे निर्बंध, नातेवाइकांची लग्नाची भुणभुण, आणि या सगळ्यातून दोघांना शेताकडे जायला मोकळी वाट. दहाव्या दिवशी मुदत संपणार हे पहिल्याच दिवशी प्रेक्षकाला माहीत असतं. आपल्याच रीतिरिवाजांतून घडवलेली अशी प्रेमकथा कादंबरीने आधी द्यायला हवी होती. ती चित्रपटाने दिली.

आता इतर प्रकार. राज रावांची ‘द बॉयफ्रेंड’ (२००३) मुंबईतली. पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद यांच्यातलं प्रेम जात आणि पैसा कसे कुरतडतात, हे तिच्याइतकं परखडपणे क्वचितच कुणी मांडलं आहे. गोडवा हवा असेल त्याने तिच्या वाट्याला जाऊ नये. ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या वाचकाने मॅडेलिन मिलरची ‘द साँग ऑफ अकिलीस’ घ्यावी. महाकाव्यातला वीर, त्याची कथा सांगणारा त्याचा सखा, ही रीत आपल्या ओळखीची आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या चाहत्यासाठी मेरी रेनॉल्टची ‘द पर्शियन बॉय’ (१९७२), अलेक्झांडर आणि बगोआस यांची. मिलरपेक्षा मला ती सरस वाटते, कारण तिच्यात दरबाराचा धोका प्रत्येक पानावर जाणवतो. हलकंफुलकं हवं तर केसी मॅक्क्विस्टनची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र, राजकारण कागदी, पण नोकझोक फर्मास. अद्भुताची आवड असेल तर टी. जे. क्लूनची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’.

आणि या सगळ्यांच्या आधी ई. एम. फॉर्स्टरची ‘मॉरिस’. १९१३-१४ मध्ये लिहिलेली, लेखकाच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये छापलेली. हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या पवार महाराजांचा खाजगी चिटणीस होता, म्हणजे मराठी दरबाराचं मीठ खाल्लेला माणूस. दोघांचा शेवट सुखाचाच करायचा, हा त्याचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी पुस्तक जवळजवळ साठ वर्षं पेटीत राहिलं. आपल्या लेखकांनी या पुस्तकातून तो हट्ट उचलावा.

मराठीत असे प्रकार का रुजले नाहीत, याचं कारण केवळ संकोचात शोधून चालणार नाही. आपली लोकप्रिय कादंबरीच मोडकळीला आली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकथा, नारायण धारपांच्या भयकथा, सुहास शिरवळकरांचं सगळंच, या पुस्तकांना फिरत्या वाचनालयांनी पोसलं. ती वाचनालयं ओस पडली आणि प्रकारांची ती उतरंड कोसळली. समलिंगी प्रेमकथा दाराशी आली तेव्हा घरात कुणी उरलं नव्हतं. उरली ती गंभीर कादंबरी, आणि तिला सुखान्ताचं वावडं.

वाचकाची अडचणही खरी आहे. तालुक्याच्या वाचनालयात खातं वडिलांच्या नावावर असतं. ग्रंथपाल रजिस्टरात पुस्तकाचं नाव लिहितात, पोराकडे पाहतात, आणि त्यांची वडिलांशी रोज चौकात गाठ पडते. म्हणून हा वाचक मोबाइलकडे वळला. मराठी प्रेमकथांच्या मालिका आज अॅपवर, भागाभागाने वाचल्या जातात. तिथे कुणी नाव लिहून घेत नाही. मात्र संपादकाचा हातही तिथे नसतो आणि लेखनात ते दिसतं.

वऱ्हाडच्या मातीत तर काम पडूनच आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये दाखवून दिलं की वऱ्हाडी बोली अख्खी कादंबरी पेलते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने शेतकऱ्याच्या घरातली भांडणं मांडली. पण जिनिंगच्या रात्रपाळीत शेजारी-शेजारी राबणारे दोघं, यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा तिच्या डब्यात रोज भेटणारे दोघं, पोळ्याला बैल सजवताना एकाच वाटीतल्या रंगात बोटं बुडवणारे दोघं, यांची गोष्ट वऱ्हाडीत माझ्या वाचनात आलेली नाही. ‘काहून आला नाही बे काल?’ एवढ्या एका वाक्यात रुसवा, काळजी आणि कबुली मावते. बोलीची ही ताकद वाया चालली आहे.

सुरुवात दिवाळी अंकांनी करावी. सुतकाचे दहा दिवस किंवा कापूस वेचणीचा एक हंगाम दीर्घकथेच्या तीस-चाळीस पानांत नेमका बसतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे लग्नाच्या अक्षतांवर गोष्ट संपवायची सोय लेखकाला नाही. या दोघांनी पुढे कुठे राहायचं, म्हाताऱ्या आईला काय सांगायचं, सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागायचं, हे त्याला नव्याने रचावं लागेल. अंक घरात उघड्यावर पडलेला असतो, आई वाचते, काका वाचतो, पोरगाही वाचतो, आणि कुणाच्या नावापुढे नोंद होत नाही. संपादकांनी या वर्षी अशी एक तरी कथा मागवावी, आणि मागवताना लेखकाला सांगावं की शेवटी कुणी मरता कामा नये.